गोधडीच्या कोपऱ्यातला घास

मैत्रिणींनो, आज सोफ्याच्या उशांना नवे अभ्रे शिवले. बाजारातून काहीच आणलं नाही. माझ्या बाळंतपणात आईनं शिवलेली जुनी गोधडी उसवली आणि तिचेच रंगीत तुकडे वापरले.

उसवताना कोपऱ्यात भाकरीचा वाळून कडक झालेला तुकडा निघाला. मला हसू आलं. लगेच कंधारला आईला फोन लावला, "गोधडीत कुणी भाकरी शिवतं का गं?"

"शिवावं लागतंय. गोधडीला घास दिला की पांघरणारं उपाशी झोपत न्हाई." मग आईनंच विचारलं, "तुला कसं कळलं? फाटली का? धाडून दे, टाके घालते."

"न्हाई गं, चांगली हाय," मी म्हणाले.

अभ्रे लई छान झालेत. फोटो मात्र टाकत नाही, आई बघेल. तो घास अजून ओट्यावरच आहे. आता कशात शिवू, सांगा.