वजूच्या विहिरीचं पाणी

मी सरपंच झाले त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. मुरबाडकडून येणारा टँकर तीन दिवस आला नव्हता आणि वरच्या पाड्यावर प्यायलासुद्धा पाणी नव्हतं. अख्ख्या गावात पाणी टिकून असलेली विहीर एकच, मशिदीच्या आवारातली. ती बांधणाऱ्यानं अटच घातलेली, पाणी फक्त वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला. दान देणाऱ्याची अट मोडायची नाही, हा मुसलमानांचा जुना कायदा.

मीही काही कमी तापट नाही. मशिदीवाले नाही म्हणाले तर असू दे म्हणून तहसील कचेरीतून विहीर ताब्यात घ्यायचा आदेश आणला आणि पिशवीत तळाशी ठेवला. गावात भांडण पेटेल ही भीती होतीच, पण चेहऱ्यावर ऐट.

विहीर सांभाळणारे चाचा मशिदीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बोटांवर मोजून सांगायला लागले. धर्म, जीव, बुद्धी, वंश, मालमत्ता, ही पाच राखायला त्यांचा सगळा कायदा. राज्य करणाऱ्याला खुर्ची मिळते तीही या पाचांसाठीच. जीवावर बेतलं की अटीनं मागं सरायचं. मी विचारलं, मग तुमच्या वजूचं काय?

"मातीनं करू गो. पानी नसलं तं आमाला माती चालते. पाड्यावरच्या पोरांना ती पिता येल काय?"

हुश्श! डोळेच भरून आले माझे. पण चाचांनी लगेच पुढचं सांगितलं, पाडा आधी, गाव नंतर, कारभार बघणाऱ्याचा हंडा सगळ्यात शेवटी, म्हणजे माझाच. खोटं कशाला बोलू, रागच आला. घरी सासूबाई सकाळपासून कोरड्या घशानं बसल्या होत्या. तरी उभी राहिले उन्हात.

माझा नंबर आला तेव्हा बांग झाली. चाचांनी अंगणातल्या कोरड्या मातीवर तळवे टेकले आणि तोंडावरून, हातांवरून फिरवले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पिशवीतला कागद ऱ्हाऊ दे तसाच. सकालीच कळलेला मला. तो पन जीव वाचवायलाच हाय."

मला मान वर करवेना. हंडा उचलून वळले तर माझ्यामागं आणखी एक हंडा उभा होता. चाचांच्या घरचा.