बाजारातून आणलेले आजोबा

आमच्या बैठकीच्या भिंतीवरचे आजोबा घाटंजीच्या आठवडी बाजारातून आणलेले होते. त्यांच्यासोबत एक बंद पडलेलं घड्याळ, एक आरसा आणि प्लास्टरचं हरणाचं मुंडकं आलं. हरणाचं एक शिंग एसटीत तुटलं. आजोबा मात्र धड पोचले.

आणणारी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती आमच्याच यवतमाळात एका हेडक्लार्कला दिलेली होती, आणि लग्नानंतर पहिल्याच वर्षी आपला बाप काय काम करायचा हे विसरली होती. विसरण्याची तिची ताकद अफाट होती. आमचे खरे आजोबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. रुईच्या गाठी ओढायचे. त्याच जिनिंगमध्ये पुढं बाबा कारकून झाले. आजोबांचा फोटो कधी कुणी काढलाच नाही. त्यांची म्हणून एकच वस्तू घरात होती: गाठी ओढायचा लोखंडी हूक. लाकडी मूठ घासून गुळगुळीत झालेली. बैठकीत दारासमोरच्या भिंतीला एक जाडजूड खिळा होता, त्यावर तो लटकलेला असायचा. त्या भिंतीवर दुसरं काही नव्हतं, आणि आम्हाला कधी लागलंही नाही.

मग ताईचं जमवायची वेळ आली. ती वर्षं कापसाच्या मरणाची. भाव नाही, जिनिंग दिवाळीनंतर सुरू व्हायचं आणि संक्रांतीआधीच थंड पडायचं. बाबांचा पगार थकलेला. अशात ढाणकीकडचं स्थळ आलं, घरची शेती, कापूस, तूर, सोयाबीन. पाहुणे येणार म्हटल्यावर आत्या आमच्या बैठकीत उभी राहिली आणि नाक मुरडून म्हणाली की आधी ही भिंत सजवा, पोरगी नंतर.

सजवायला पैसा नव्हता, पण आत्याला त्याची अडचण कुठली. खेड्यापाड्यांतली घरं रिकामी होत होती आणि त्यांतलं सामान बाजारात येऊन पडत होतं. समया, आरसे, दिवाण, फ्रेमा. पडत्या काळात लोकांनी जड मनानं विकायला काढलेल्या वस्तू आत्यानं घासाघीस करून उचलल्या, आणि वर कशा स्वस्तात मारल्या म्हणून आम्हालाच कौतुकानं ऐकवलं. तिला खरं तर नुसती सागवानी फ्रेम हवी होती. दुकानदार आतला फोटो काढायला लागला तेव्हा तिनं त्याला थांबवलं. फोटोत पागोटं, झुपकेदार मिशा, हातात काठी, अशा एका वजनदार म्हाताऱ्याला बसवलेलं होतं. तो कुणाचा कोण, त्याला कुणी विकलं, हे विचारायची तिला गरज वाटली नाही. तिला तयार आजोबा मिळाले होते.

खिळा एकच दणकट. बाकीची भिंत ओल धरलेली, हात लावला की पोपडे गळायचे. आत्यानं हूक काढला आणि भंगारात टाकायला म्हणून बाजूला धरला. बाबा कधी नव्हे ते आडवे आले. हूक तिथंच राहू दे म्हणाले.

"हूक पाहून कोन सोयरीक करन?" आत्या म्हणाली. "तुले पोरगी उजवाची हाय, का नाही?"

बाबांनी तिच्या हातातून हूक घेतला आणि आत गेले. ताई आणि मी मिळून फोटो टांगला. आत्यानं त्याला चंदनाचा हार घातला, तोही जुनाच.

पाहुणे आले. पोहे खाल्ले, ताईकडे ओझरतं पाहिलं, आणि मुलाचे वडील बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. मग त्यांनी बाबांना विचारलं, "हे कोन व्हय जी?"

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. ताईनं खाली घातलेली मान वर केली. माझ्या मनात आलं, आता बाबा खरं सांगणार. सांगावं असं मला फार वाटत होतं. पण ताईकडे पाहून ती इच्छाही मला धरवेना.

"माहे वडील," बाबा म्हणाले. आणि फोटोला हात जोडले.

पुढचं आत्यानं सांभाळलं. चार गावची जमीन, दारी बैलजोड्या, दानधर्म. सोयरीक झाली. लोकांना पागोटं दिसलं की त्यांचे प्रश्न संपतात, हे मला तेव्हा कळलं.

खोटं एकदा भिंतीवर चढलं की उतरवता येत नाही. भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, आला की आधी फोटोला नमस्कार करायचा. ताईला मुलगा झाला, तर त्याचं नाक पणजोबांवर गेलंय असं त्यानंच ठरवलं. दर पितृपक्षात बाबा त्या परक्या म्हाताऱ्यासमोर पान वाढायचे, हात जोडून डोळे मिटायचे. मला बघवायचं नाही. फोटो पुसायलाही ते कुणाला देत नसत. आणि तो फोटो कधी सरळ बसला नाही, खालून पुढं यायचा, एका अंगाला झुकायचा. आत्या येता-जाता तो सरळ करायची, की पुन्हा वाकडा. मी म्हणायचे, बाजारातलाच माल, असाच असणार. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. स्वतःच्या बापाला इतकं सहज विकून टाकणाऱ्या माणसाबद्दल मला आदर उरला नव्हता.

बाबा गेले. तेरवीच्या दिवशी त्यांचा फोटो लावायचा होता. आत्या खुर्चीतून हुकूम सोडत होती, बापलेक शेजारी शेजारी लावा. दोन्ही एका रेषेत यावेत म्हणून मी स्टुलावर चढले आणि म्हाताऱ्याला खाली उतरवलं.

मागं, त्याच खिळ्यावर, हूक होता. मुठीवर धूळ नव्हती.

बाबा इतकी वर्षं कुणाला हात जोडत होते ते मला त्या क्षणी कळलं. स्टुलावर उभ्या उभ्या मला रडू फुटलं. खाली सगळे वर बघत होते.

"ते काढ अन् फोटो लाव," आत्या म्हणाली.

"हे काय व्हय?" भाऊजीनं विचारलं.

मी ताईकडे पाहिलं. ती हुकाकडे बघत होती. तिनं होकारार्थी मान हलवली.

"आमचे आजोबा हे व्हय," मी म्हणाले. "फोटो बाजारातला हाय."

आत्या पदरानं चष्मा पुसत बसली. मी हुकाच्या शेजारचे पोपडे खरवडले, एक लांब नवा खिळा विटेपर्यंत ठोकला आणि बाबांचा फोटो लावला. तो सरळ बसला.