फोनमधलं ग्रंथालय आणि आमचं

ग्रंथालयात पुस्तकांसाठी रजिस्टर असतं, गमतींसाठी नसतं. त्या आपोआप साठत जातात आणि चार माणसं चहाला जमली की बाहेर पडतात. विद्यानगरातल्या आमच्या छोट्या मराठी ग्रंथालयात मी काउंटरवर बसते; निवृत्त शिक्षिका, दुसरं काय करणार! सोबतीला दोघं. अध्यक्ष सदाशिवराव, म्हणजे जुने वकील, आणि सिकंदराबादला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले गायकवाड. यंदा जागेच्या ट्रस्टनं बजावलं, महिनाअखेरपर्यंत पंचवीस नवे सभासद आणा, नाहीतर हॉल कोचिंग क्लासला देऊ. आमचं धाबंच दणाणलं.

*

गायकवाडांना नव्याचा भारी शौक. त्यांनी एआयला आमच्याच ग्रंथालयाबद्दल विचारलं. उत्तर आलं, "रविवारी सकाळी खुले. बालविभाग व उपाहारगृह उपलब्ध."

आम्ही उघडतो संध्याकाळी पाच ते सात, आणि रविवारी सुट्टी! बालविभाग म्हणजे एक कपाट, आणि उपाहारगृह म्हणजे माझा थर्मास.

"नोटीस पाठवा!" सदाशिवराव कडाडले.

"कुणाला?" गायकवाडांनी विचारलं.

सदाशिवराव विचारात पडले. अजून पडलेलेच आहेत!

*

पुढच्याच रविवारी सकाळी वॉचमन यादगिरीचा फोन. "मॅडम, लोगां आये! टिफिन किधर है बोल के पूछ रै!"

टिफिन म्हणजे इकडे नाश्ता. मी धावतपळत गेले. गेटपाशी दोन कुटुंबं उभी. म्हटलं, "रविवारी बंद असतं हो."

त्यातल्या बाईंनी फोन पुढे केला. "पण इथं तर उघडं आहे."

इतक्या ठामपणे म्हणाल्या, की अकरा वर्षं किल्ली माझ्याकडे असूनही मीच सॉरी म्हटलं! दार उघडलं, दोन्ही घरं सभासद झाली. तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही उघडतो आणि उपमा मी घरून नेते. चूक त्या एआयची होती की आमची, हे मला अजून कळलेलं नाही.

*

नव्या सभासदांपैकी तेजस्विनी इंजिनिअरिंगला आहे. मराठी छान बोलते, वाचायला मात्र अडखळते. दोन दिवसांत तिनं तीन कादंबऱ्या परत केल्या.

"वाचल्यास?"

"पानांचे फोटो काढून समरी केली, आंटी."

"मग शेवटी काय होतं?"

"हिरो मरतो. पण पॉझिटिव्हली!"

माझ्यातली शिक्षिका खवळली. पण पुढच्या रविवारी बघते तर काय, तिचा फोन एक कथा मोठ्यानं वाचतोय, आणि मोतीबिंदूमुळे वर्षभर पुस्तक न उघडलेले सदाशिवराव खुर्ची ओढून शेजारी बसलेत. "जरा आहिस्ता करायला सांग की त्याला, बेटा," ते तिला म्हणाले. मला फार बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचा रागही आला!

*

हॉल काढून घेऊ नका, असं विनंतीपत्र गायकवाडांनी एआयकडून लिहून घेतलं. "आपल्या भावनांचा आम्ही मनःपूर्वक आदर करतो," अशी सुरुवात. ट्रस्टच्या सेक्रेटरींचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. सुरुवात तीच, शेवटही तोच! फक्त मधे "नाही" होतं.

सदाशिवरावांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "चाळीस वर्षं वकिली केली," ते म्हणाले, "पण एकच वकील दोन्ही बाजूंनी उभा राहिलेला पहिल्यांदा बघतोय!"

*

महिन्याचा शेवटचा रविवार. चोवीस सभासद झालेले. एक कमी. आम्ही तिघं दाराकडे डोळे लावून बसलो होतो. बंद करायच्या जरा आधी एक गृहस्थ पायऱ्या चढून आले आणि दारातच थांबून फोन बघू लागले. मी फॉर्म घेऊन उठलेच!

"या ना, आत या."

"नाही, ते..." त्यांनी फोन दाखवला. "कायमचं बंद झालंय म्हणतंय."

"अहो, उघडं आहे! आम्ही बसलोय ना इथं!"

त्यांनी आमच्याकडे पाहिलं, कपाटांकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. मग अगदी अदबीनं म्हणाले, "माफ करा हां, डिस्टर्ब केलं." आणि पायऱ्या उतरून गेले.

मी फॉर्म घेऊन परत बसले. शेवटी सदाशिवराव गायकवाडांकडे वळले आणि हळूच म्हणाले, "बघा हो जरा... कधीपासून बंद आहे म्हणतंय?"