टपावरची वीज

गाडी लावायच्या आधी आमचे शेजारी मान वर करून आकाश बघायचे. आमच्या सोसायटीत कडुनिंबाखालच्या जागेवरून भांडणं होतात. हे मात्र आपली पांढरी व्हॅन मुद्दाम भर उन्हात नेऊन लावायचे. "ताई, आपली गाडी ऊन जेवते," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

मुलांनो, व्हिडिओ कॉलवर तुम्ही ही व्हॅन पाहिली आहे. आत झोपायला फळी, औषधांचा छोटा फ्रीज आणि टपावर सोलरच्या काळ्या पाट्या. आमच्या खालच्या मजल्यावरचे हे शेजारी सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होते. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास. रात्री मास्क लावून मशीनवर झोपावं लागतं. माहेर सुरगाण्याकडच्या पाड्यावर. तिथे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून कित्येक वर्षं त्या माहेरी मुक्कामाला राहिल्याच नव्हत्या. सकाळी जायचं, भावाकडे जेवायचं आणि उजेडात परतायचं. त्यांना तिथे एक रात्र झोपता यावं, एवढ्यासाठी ही व्हॅन.

सामान निवडण्यात त्यांचा अख्खा पावसाळा गेला. गंगापूर धरणावर बोटी चालवणाऱ्यांनासुद्धा ते विचारून आले, की तुम्ही बॅटरी कशी बांधता? बोट हलते तशी यांची गाडी घाटात हलणार होती.

"घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी टाका की काका! पीएचडी करताय का?" पार्किंगमधली मंडळी चिडवायची.

"घरची बॅटरी घरात बरी. घाटात तिला उलटी होईल," ते शांतपणे सांगायचे. शेवटी त्यांनी लिथियमची बॅटरी घेतली आणि सोबत चांगला कंट्रोलर. हा कंट्रोलर म्हणजे उन्हाची वीज बॅटरीला झेपेल तशी देणारा डबा. "हा डबा सासूसारखा असावा लागतो," त्यांनी मला समजावलं. "कोण किती जेवलं यावर लक्ष ठेवणारा."

"तुमच्या आईनं कधी बघितलं हो, मी जेवले का ते?" वहिनी आतून म्हणाल्या.

दसऱ्याला वहिनींनी हाताएवढी जाड झेंडूची माळ आणली. गाड्यांची पूजा चालली होती. "चाकांना हार घातला, मग जिथून वीज येते तिथे नको?"

"बॉनेटला बांधू ना."

"बॉनेटवर चालणार आहे का माझं मशीन?"

ते शिडी लावून चढले, पाट्यांपासून लांब, टपाच्या पुढच्या दांडीला माळ बांधली. दसऱ्याची माळ ओढून काढायची नसते, सुकून गळेपर्यंत राहू द्यायची. तशीच ती दुसऱ्या दिवशी सुरगाण्याला गेली.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळीच व्हॅन परत आली. रात्री पाड्यावर लाईट गेली, पाठोपाठ बॅटरी संपून व्हॅनमधलं मशीनही बंद पडलं आणि वहिनी उजाडेपर्यंत बसून राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा सुजला होता. त्या तडक घरात गेल्या.

टप फक्त माझ्या गॅलरीतून दिसतो. घाटाच्या वळणांवर माळ मागे सरकली होती आणि सगळ्या पाट्यांवर आडवी पसरली होती. पाटीच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी वीज किती घटते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. नवी बॅटरी अर्धीच भरलेली, बाकीची वाटेत भरायची होती. ते शिडीने चढले, माळ हळूच उचलून निर्माल्याच्या पिशवीत घातली आणि वर पाहिलं. मी दिसले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मानेनेच वहिनींच्या खिडकीकडे खूण केली.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळे जमले. "काय काका, पीएचडी नापास?" "एवढं हिंडून खराब बॅटरी आणली!"

"माझीच निवड चुकली," ते खाली बघत म्हणाले. घराच्या खिडकीत वहिनी ऐकत होत्या. मी दुधाची पिशवी घेऊन तिथेच उभी होते. त्यांनीच गप्प राहायला सांगितलं होतं, तरी त्या हसण्यात उभं राहण्याची मला इतकी लाज वाटली की मी लिफ्टची वाट न बघता जिना चढले.

त्यानंतर ते पार्किंगमध्ये बसेनासे झाले. दिवाळीनंतर एका पहाटे व्हॅन जागेवर नव्हती. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला.

"ताई, झोपले हो मी! लाईट गेली, सगळा पाडा अंधारात आणि मी सकाळपर्यंत गाढ. भाऊ म्हणतो, आता चार दिवस राहा. तुम्हाला सांगून निघणार होते, पण हे म्हणाले, लोकांना तोंड कशाला दाखवायचं?"

मग वहिनींनी आवाज खाली आणला. "यांनी नवीन काही आणलेलं मला दिसलं नाही. मागच्या वेळी खरंच बॅटरीच वाईट होती का हो?"

"हो," मी म्हणाले. "बॅटरीच वाईट होती. नीट करून घेतली असेल त्यांनी."

"वाटलंच मला! खरेदी खात्यात जन्म गेला, पण या माणसाला वस्तूची पारख नाही." त्या खळखळून हसल्या. मागून त्यांचाही आवाज आला, "अगदी बरोबर बोललीस."

मलाही हसायला हवं होतं. मी फोन कानाला धरून नुसतं "हो, हो" म्हणत राहिले.