तेओफिलोच्या होडीतली रिकामी जागा

तेओफिलो आपल्या मेलेल्या बायकोला होडीतून फिरवतो, अशी कुजबुज कार्ताहेनाच्या धक्क्यावर कैक वर्षं होती. बेटांकडे निघताना होडी कितीही भरो, अगदी पुढची फळी तो मोकळी ठेवी. कुणी टेकायला गेलं की ओरडे, "तिथं नाही! ती जागा भरलीय!" ती बायको, एतेल्विना, हयात असताना तिथंच बसून त्याला वाटभर बोलायची. मग आणखी पुरावा कशाला हवा?

मी धक्क्यावर कॉफी विकतो. कॉफी एकवेळ गार देईन, बातमी नाही. प्रवाशांना हळूच सांगायचो, "लाट आपटली की कान द्या, फळी कण्हते." लोक शहराची जुनी तटबंदी सोडून फळीचे फोटो काढत. तेओफिलोची होडी सगळ्यांआधी भरे.

पण त्याचा जीव अडकला होता एदिल्मात. खाडीपल्याडच्या बेटावर, बोकाचिकाला, किल्ल्याच्या सावलीत ती मासे तळते. एकदा तेल घ्यायला शहरात आली, तेव्हा माझ्या थर्मासपाशीच त्यानं तिला लग्नाचं विचारलं.

"सवत पुढं मिरवणार आणि मी मागं पेट्रोलच्या डब्याला टेकून? जा बाबा!"

"अगं, तसं काही नाही."

"मग कसंय? बोल की!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. ती गेल्यावर मी खोदून पाहिलं, "काय रे, बोलते का एतेल्विना अजून?"

"तुझ्यापेक्षा कमीच."

जुलैत नाखव्यांची राखण करणाऱ्या कार्मेनच्या माउलीचा सण आला. त्या दिवशी होड्या सजतात, खाडीत मिरवणूक निघते, आणि आमच्या धक्क्यावर नाखव्याच्या घरची बाई पुढच्या फळीवर फुलं घेऊन बसते. तेओफिलोच्या फळीवर नुसती फुलंच असत. यंदा एदिल्मा पिवळा झगा घालून आली ती थेट त्याच्या होडीत शिरली.

"एदिल्मा, तिथं नको! ऐक!"

"का? तिला राग येईल?" ती फळीकडे वळली. "एतेल्विनाबाई, पुष्कळ बसलात. उठा आता."

आणि बसली. कडाड! एदिल्मा होडीच्या बुडातल्या पाण्यात, पाय आभाळात, फुलं अंगभर. साऱ्या धक्क्यानं छातीवर क्रूस काढला. मीही.

तेओफिलोनं तिला ओढून काढलं. तिनं फळीचा तुकडा चिमटीत दाबला, भुसा झाला.

"हे होय तुझं भूत!"

"आधी आळस केला गं. मग ही आवई उठली नि होडी भरायला लागली. बदलायचा धीर होईना."

"पण मला सांगायला काय झालं होतं?"

त्यानं माझ्याकडे बोट केलं. "तू याला सांगितलं असतंस."

एदिल्मा झगा पिळत हसली. "नवी फळी ठोक. मग विचार."

त्याच आठवड्यात त्यानं फळी ठोकली, आणि विचारलंही. आता पुढं एदिल्मा बसते.

एतेल्विना त्या होडीत कधीच नव्हती. फळी कुजलेली होती.