गव्हाणीतलं टोपडं

अन्याय झाला तो एका ओल्या बाळंतिणीवर. सेहेचाळीस सालच्या चोवीस डिसेंबरला, दुपारी तीनच्या सुमारास, भिंगारच्या आमच्या ख्रिस्ती देवळात तो उघडकीला आला. बाळंतीण मातीची होती, वीतभर उंचीची, नाताळच्या देखाव्यात गव्हाणीपाशी गुडघे टेकून बसलेली. म्हणून काही अन्याय लहान होत नाही.

उघडकीला आणला माझ्या पाच वर्षांच्या मुलीनं. मी तिथं गेलो होतो तो चोर पकडायला.

आमच्या घरीही एक बाळंतीण होती, हाडामासाची. मुलगा जेमतेम महिन्याचा. रेशनच्या दिवसांत कुठून कुठून गूळ मिळवून सासूबाईंनी डिंकाचे लाडू धाडले होते. त्या दुपारी डब्यातले दोन लाडू नाहीसे झाले, आणि बाळाचं टोपडंही. शेजारीण म्हणाली, "तुमची पोर परकराच्या ओच्यात काहीतरी घेऊन देवळाकडे पळाली."

"लाडू मरू देत," बायको म्हणाली, "बाळाच्या कानाला वारं लागतंय. टोपडं तेवढं घेऊन या."

देवळात पाहतो तर मुलीसमोर दोन माणसं उभी: झाडलोट करणारा म्हातारा आणि पाळकसाहेब. टोपडं बाळ येशूच्या डोक्यावर होतं. डोक्यावर कसलं, बाळ अख्खं आत गेलं होतं, बाहेर फक्त दोन पाय. मरीयेपुढे दोन लाडू, तिच्या डोक्याहून मोठे.

म्हातारा मला बघून कडाडला, "या पुढारी! उंद्या क्याम्पातले सायेब यायचे, आन् ह्ये काय? मातीची बाहुली कुटं लाडू खाती व्हय?"

"रात्री खाईल," मुलगी म्हणाली. "आत्ता कशी खाईल? तुमच्यासमोर लाजते ती."

पाळकसाहेब खाली वाकले. "बाळ, तिला पूर्वेकडच्या ज्ञानी मागी लोकांनी आणलंय ना सगळं? सोनं, ऊद, गंधरस."

"ऊद असू दे, धुरीला लागेल. पण सोनं काय खायचं? आणि टोपडं कुणी आणलं? तिची आईसुद्धा नाही तिथं!"

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या तिघा मागींकडे पाहिलं. तिघेही पुरुष! उंटावरून एवढी वाट तुडवून आले, आणि एकाच्याही डोक्यात डिंकाचा लाडू आला नाही.

पण मी तरी कोण? विडी वळणाऱ्या बायांना बाळंतपणाची रजा मिळावी म्हणून वर्षभर हँडबिलं लिहीत होतो, उद्गारचिन्हांचा पाऊस पाडत होतो. घरच्या बाळंतिणीनं आज लाडू खाल्ला का, हे एकदाही विचारलं नव्हतं. बाळंतिणीला काय लागतं ते ही पोरगी रोज बघत होती. 'आज जन्मला' असं आम्ही घसा ताणून गातो आणि मनात धरून चालतो की गोष्ट फार जुनी आहे. तिच्या लेखी आज म्हणजे आज. बाळ झालंय, थंडी आहे, आई उपाशी आहे. मग मी मला येतं तेच केलं: भाषण.

"टोपडं निघणार नाही!" मी गरजलो. "लाडूही हलणार नाहीत!"

"आन् सायबाला बाळ दिसायचं कसं?"

"पाय दिसतायत की!"

पाळकसाहेब हसायलाच लागले. शेवटी मुलीनंच टोपड्याची कड तीनदा दुमडली, तेव्हा देवाच्या पुत्राचं नाक बाहेर आलं.

रिकाम्या हातानं घरी आलो. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि मुलीला म्हणाली, "नुसते लाडूच नेलेस? ते जड पडतात गं. बाळंतशोपा नको का वर?" चिमूटभर शोपा पुडीत बांधून तिनं मुलीला पुन्हा देवळात पिटाळलं. मग सभेला नेसायचं माझं धोतर काढलं, त्याचा तुकडा फाडला आणि बाळाच्या डोक्याला गुंडाळला.

नाताळच्या सकाळी मरीयेपुढे लाडू नव्हते. शोपाही नव्हती.

"बघा," मुलगी म्हणाली, "खाल्ले."

"उंदरानं न्हेलं आसत्याल," म्हातारा जमिनीकडे बघत म्हणाला. देवळामागच्या त्याच्या खोलीतून तान्ह्या बाळाचं रडणं येत होतं. त्याची सून आठ दिवसांपूर्वी बाळंत झाली होती. तिची खोली आणि माझं घर यांच्यामध्ये एक कुंपण, आणि मला पत्ता नव्हता. मला! हँडबिलवाल्याला!

आता तुम्ही सांगा. गव्हाणी मांडाल, कागदाचा तारा टांगाल. तुमच्या आळीत या महिन्यात कोण बाळंत झाली? सांगता येत नसेल तर हा कागद खाली ठेवा, उठा, विचारून या, मग घरातला डबा उघडा आणि दोन लाडू तिच्या दारात नेऊन ठेवा. आजच. आणि ठेवल्यावर तिथं बघत उभे राहू नका. ती लाजते.