चौकटीतला न वाचलेला शब्द

माझा एक वाईट गुण आहे: हात आधी चालतो, डोळे मागून येतात. मुलुंडच्या आमच्या ऑफिसात सर्व्हर मी सांभाळते, म्हणजे हा गुण आणखीच वाईट.

सर्व्हररूम म्हणजे पँट्रीमागची खोली. एसी असा की भर मे महिन्यात मी आईची शाल पांघरून बसते. तिथे बसून एखादा बंद फोल्डर उघडायला गेलं की चौकट येते: तुम्हाला परवानगी नाही, पुढे जायचं का? अ‍ॅडमिनला परवानगी नाही म्हणजे काय! मी 'कंटिन्यू' दाबायचे. नऊ वर्षं दाबत आले.

मग ऑडिटवाल्यांनी कुठला फोल्डर कोण उघडू शकतं त्याची यादी मागितली. मी ती छापली आणि न वाचता एचआरच्या मॅडमना देऊन आले. दहा मिनिटांत मॅडम सर्व्हररूमच्या दारात. तक्रारींच्या फोल्डरपुढे दोनच माणसांची नावं होती: त्यांचं आणि माझं.

"तक्रार करणाऱ्या बायकांना मी शब्द दिलाय गं, माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही म्हणून. तू वाचलंस?"

"नाही मॅडम. बॅकअप अडकला होता म्हणून एकदा उघडला, बस."

"मग तुझं नाव तिथे कसं?"

मी यादी हातात घेऊन ते नाव पुन्हा वाचलं. राग आला; आधी त्यांचा, मग स्वतःचा. ज्यांनी मला इथे नोकरीला लावलं, त्याच आता माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघत होत्या.

शेवटी, नुसतं उघडल्यानं नाव लागतं का ते बघायला, माझं नाव नसलेला एक रिकामा फोल्डर त्यांच्यासमोर उघडायला गेले. चौकट आली. या वेळी मॅडमनी चष्मा लावून तिच्यातली इंग्रजी ओळ शेवटपर्यंत वाचली.

"परमनंटली म्हणजे कायमचं ना गं?"

मी मान डोलावली. कंटिन्यू दाबलं, यादी पाहिली, तर माझं नाव हजर. सर्व्हर अ‍ॅडमिनचे अधिकार एरवी झाकून ठेवतो, म्हणून ती चौकट येते, आणि 'कंटिन्यू' म्हटलं की माझं स्वतःचं नाव फोल्डरवर कायमचं लिहून मोकळा होतो. उद्या माझं अ‍ॅडमिनपद गेलं असतं तरी ते नाव राहिलंच असतं.

"वाचलं नाही मॅडम," मी म्हटलं, "पण वाचू शकत होते. ते खरंय."

त्या स्टूल ओढून बसल्या. "काढ सगळीकडून."

संध्याकाळपर्यंत एकेक फोल्डर तपासला. रोज लागणाऱ्या फोल्डरांना माझ्या कामापुरता परवानगीचा वेगळा गट जोडला, म्हणजे तिथे चौकट यायलाच नको. शालीचं एक टोक एव्हाना मॅडमच्या खांद्यावर होतं.

तक्रारींचा फोल्डर शेवटी घेतला. नाव पुसलं आणि खात्री करायला तो उघडू गेले. चौकट आली: परवानगी नाही. नकार ऐकून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. त्या चौकटीत आणखी एक बटण असतं, नऊ वर्षांत मी कधीच न दाबलेलं. मॅडम माझ्या हाताकडे बघत होत्या. मी 'कॅन्सल' दाबलं.

"उद्या त्या बायकांना घडलं ते सगळं सांगायचंय," त्या म्हणाल्या. "तू पण चल. शब्द आता आपल्या दोघींचा."